मेनचा दांडा

शप्पथ! देवाची, धरणीमातेची, आणि माझ्या तोंडात उरलेल्या दातांची शप्पथ, आता सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मागं मी तुम्हाला सांगितलं होतं की माझ्या मामानं शिंकून शेजाऱ्याची भिंत पाडली, ते सोडा, ती भिंत आधीच कललेली होती. हे तसलं नाही. यात मी मीठमसाला लावलेला नाही. खोटं निघालं तर हा प्लास्टरातला हात जन्मभर असाच वाकडा राहू दे आणि पाठीला खाज सुटू दे. झालं एवढंच, की पंखा थांबला.

दुपारची वेळ. मी माझ्या खोलीत आडवी झालेली, खिडकी लावून, कारण बाहेर पोर्चमध्ये वायरमन भिंत पोखरत होता आणि विटेची धूळ माझ्या नाकातोंडात जात होती. दार अर्धं लोटलेलं. डोक्यावर पंखा कुरकुरत होता, आणि दाराबाहेरच्या, घरातल्याच बोळातून आवाज आला: खट्ट. आता पंखा काही लगेच थांबत नाही बघा. मान कापलेल्या कोंबडीसारखा तो थोडा वेळ फिरतच राहतो, आपण मेलोय हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं. तेवढ्या वेळात मी खाटेवरून खाली उतरून दारात उभी होते. हे गुडघे, ज्यांना उठवायला रोज सूनबाईला हाताला धरावं लागतं, ते त्या क्षणाला पोरीचे गुडघे झाले. दोन्ही हात चौकटीवर पसरले, पाठ खाटेकडं केली, हनुवटी छातीत घातली. दात एकावर एक घट्ट, म्हणजे जीभ मध्ये यायला नको. हे सगळं मी केलं नाही, अंगानं केलं. मला आपलं वाटत होतं मी अजून झोपलेय. खाटेखाली कुणी नव्हतं, नुसती माझी जुनी चप्पल होती, आणि मी त्या चपलेला आडोसा करून उभी होते.

गाडीपासून सांगते, म्हणजे कळेल. सूनबाई नर्स आहे. दवाखान्यातली नव्हे, घरोघर जाणारी. जे अंथरुणावरून उठत नाहीत त्यांना उठवते, कूस वळवून देते, पाठीच्या जखमा धुते. तिचे दंड असे की एकदा तिनं एका पेशंटला खाटेसकट उचलून उन्हात नेला होता, शिवाय खाटेखाली त्यांचं मांजर होतं तेही नेलं. तिनं स्वतःच्या कमाईनं विजेवरची गाडी घेतली. निळी, मुकी गाडी. चालू झाली तरी आवाज नाही, गेली तरी नाही. मुलाला तेच सलायचं. आधीच्या गाडीला खोकला होता, कोपऱ्यावर वळली की ह्याला घरात कळायचं, आली. आता ती दारात उभी राहून कुलूप उघडायची तरी ह्याला पत्ता नाही. शिवाय गाडी चार्ज करायला तिला लांब बाजारामागं जावं लागायचं, तिथं रांग. परत आली की हा दारात. "एवढा वेळ?" "रांग होती." "रोज?" "रोज." म्हणून तिनं ठरवलं, घरीच चार्जिंग पॉइंट बसवायचा.

"घराचा पेट्रोलपंप करायचाय का?" मुलगा म्हणाला.

"पंप कसला रे. एक खोका. आईंच्या औषधाच्या कपाटाएवढा. भिंतीवर बसतो."

"भिंत माझ्या बापाची आहे."

"मग बापाला विचार जा. मी वायरमनला सांगून टाकलंय."

मी मध्ये म्हणाले, "बापाला विचारायला जाशील तर माझाही निरोप घेऊन जा, त्यांच्याकडं माझी एक दाढ राहिलीय." सूनबाई हसली. मुलगा हसला नाही. त्यानं हातातला कप खाली ठेवला, इतक्या हळू ठेवला की माझ्या पाठीवर काटा आला. आदळला असता तर मला बरं वाटलं असतं. आदळणारी माणसं निम्मा राग कपावर काढतात.

वायरमन सकाळीच आला होता. उंच, वाळकुडा, कानावर पेन्सिल, आणि तोंड म्हणजे चालू राहिलेला नळ. माझ्या भिंतीला कान लावून ठोकून बघत होता. "आजी, खाट जरा पुढं घ्या, नाहीतर ड्रिल तुमच्या डोक्यातून निघेल." म्हटलं, निघू दे बाबा, वारा तरी खेळेल. बोळात मेन स्विच बघितला आणि त्यानं कपाळाला हात लावला. तो आमचा जुना मेन, लोखंडी काळा डबा, कडेला दांडा. दांडा खाली ओढला की घर मेलं, वर ढकलला की जिवंत. "ही तोफ कुणी ठेवलीय अजून? काढून टाकू. आता बोटाएवढे स्विच येतात." तर मुलगा त्याच्या कामाच्या खोलीतून बाहेर आला. घरूनच काम करतो तो, दिवसभर पडद्यावरच्या माणसांशी बोलतो. म्हणाला, "त्याला हात लावायचा नाही." वायरमन म्हणाला, "साहेब, धोका आहे." "म्हटलं ना." आवाज चढला नव्हता. वायरमननं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. मग तो गुमान म्हणाला, बरं, ह्याच्या पुढं वेगळा स्विच टाकतो, राहू दे तुमची तोफ.

मग त्यानं पोर्चच्या कडेला खड्डा घेतला आणि तांब्याची लांब सळई जमिनीत ठोकायला लागला. घण सळईवर पडायचा आणि हादरा खाटेच्या पायातून माझ्या कमरेत यायचा. घण, कंबर. घण, कंबर. खिडकीतून विचारलं, कशासाठी रे हा छळ? म्हणाला, "अर्थिंग, आजी. गाडीत काही बिघडलं, करंट सुटला, तर तो माणसाच्या अंगात घुसायच्या आत जमिनीत जिरला पाहिजे. त्याला वाट करून द्यायची." आणि खड्ड्यात कोळसा न् मीठ ओतायला लागला. मीठ कशाला? "मिठानं जमीन ओली राहते. कोरड्या जमिनीत उतरत नाही तो." मला असं हसू आलं, असं हसू आलं, की खिडकीचा गज धरावा लागला. वायरमन म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही, तू आपला ठोक. आमच्या घरात ते काम इतकी वर्षं माझ्याकडं होतं, पगाराशिवाय, हे त्याला काय सांगायचं? मीसुद्धा आधी थोडं रडून घ्यायची. ओली जमीन बरी पडते.

आमचे हे वजनकाट्याच्या कारखान्यात होते. काटे तपासायचे. केसाएवढा काटा इकडचा तिकडं झाला तर अख्खा माल परत पाठवायचे, आणि गल्लीत म्हणायचे, माणूस असावा तर असा. घरी आले की जेवणाच्या ताटाकडं असे बघायचे जसं काट्याकडं बघावं. एखादी गोष्ट केसाएवढी चुकलेली असायचीच. मग उठायचे, चष्मा काढून फडताळात ठेवायचे, घडी घालून, पुसून. आणि बोळात जायचे. खट्ट. लाजाळू माणूस हो, उजेडात हात उचलायची त्यांना लाज वाटायची. दांडा खाली ओढायचे आणि मग यायचे, सावकाश, भिंतीला हात लावत. तो हाताचा भिंतीवर घासल्याचा आवाज आधी यायचा. मग वास, काट्याच्या तेलाचा. मग हात. पहिला नेहमी कानावर. कानात अशी शीळ वाजायची की बाहेर कुत्री उठायची, खोटं नाही सांगत, गल्लीतलं पिवळं कुत्रं माझ्या कानातली शीळ ऐकून भुंकायचं. एकदा थप्पड अशी बसली की समोरच्या घरातलं लंबकाचं घड्याळ थांबलं. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी विचारायला आले होते, तुमच्याकडं काही पडलं का म्हणून. म्हटलं, हो, मी. ते हसले. मीपण हसले. ओठ फाटलेला, म्हणून अर्धंच हसले.

केस मुठीला गुंडाळायचे, रिळाला दोरा गुंडाळावा तसे, अगदी शिस्तीत. दाराचा उंबरा कपाळाला लागायचा तो गार लागायचा, बरं वाटायचं. तोंडात लोखंडाची चव. एक बोट मागं वळवलं ते अजून मागं बघतं, हे बघा. मी दारातून हलायची नाही. माझ्यामागं खाट, खाटेखाली मुलगा, तोंड भिंतीकडं करून. मार खाताना मी मोजत नव्हते, कण्हत नव्हते, माझं लक्ष एकच, हा माणूस माझ्या बगलेखालून आत जाता कामा नये. खाटेखालून तो ओरडायचा, तेच तेच ओरडायचा, "नको ना! मेन नको!" कुणाला म्हणायचा, अंधारात कुणाला कोण दिसतंय. दांडा वर गेला, उजेड झाला, की सगळं थांबायचं. हे चष्मा लावायचे. मी फरशी पुसायची. सकाळी शेजारीण नळावर विचारायची, "तुमच्याकडंच कशी हो जाते लाइट? आमच्याकडं तर होती." मी म्हणायची, "आमची लाइन वेगळी आहे." पुढं हे मेले ते खुर्चीत, पेपर वाचता वाचता, भर सकाळी, चेहऱ्यावर ऊन घेऊन. अशा माणसांना मरण फार अलगद येतं.

आणि मुलगा मऊ निघाला. इतका मऊ की मी देवाला विचारायची, फसवत नाहीस ना? लहानपणी झुरळ मारायचा नाही, कागदावर घेऊन बाहेर सोडायचा. लग्न झालं, वर्षं गेली, केस पिकायला लागले, आणि आता गेल्या हिवाळ्यापासून त्याच्या खांद्यात बापाचं काहीतरी आलं. सूनबाईच्या दंडावर एकदा निळे डाग बघितले, चार एका बाजूला, एक दुसऱ्या. "पेशंटनं घट्ट धरलं," ती म्हणाली. पेशंटची बोटं कशी उमटतात ते मला ठाऊक नाही, पण ती बोटं मी ओळखली, माझ्या पोटातच झाली होती ना ती. मग एका संध्याकाळी दोघांचं काहीतरी वाजलं, ती न्हाणीघरात गेली, आणि मी पाणी प्यायला उठले तर हा बोळात उभा, हात मेनच्या दांड्यावर. ओढलेला नव्हता. नुसता ठेवलेला, कुत्र्याच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"काय रे?"

"काही नाही. धूळ बसलीय."

त्या दिवसापासून मी झोपेतसुद्धा एक कान बोळात ठेवून झोपायची. पॉइंट लागायच्या आत दांडा पडतो, की दांडा पडायच्या आत पॉइंट लागतो, एवढंच बघायचं राहिलं होतं. सूनबाईला हे सांगायचं होतं, पण काय सांगू? तुझ्या नवऱ्यानं धूळ पुसली?

तर त्या दुपारी. जेवण झाल्यावर मी आडवी झाले आणि भिंतीपलीकडं सुरू झालं. आधी हलक्या आवाजात. मुलगा म्हणाला, "खोका लागला की तू कधीही जाशील." ती म्हणाली, "कुठं?" "कुठंही." "मग? गाडी कशाला असते? पूजेला?" खुर्ची पडली. बाहेर वायरमनला लाज वाटली असणार, त्यानं उगाच ड्रिल चालू केलं, भोक पडलेल्या जागीच पुन्हा भोक. ड्रिल माझ्या उशाला, भांडण पायथ्याला, आणि मधे मी, किसणीवर धरल्यासारखी. ड्रिल थांबलं. वायरमन बोळात आला, दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मेन बंद करतोय, जोडणी करायचीय, कुणी हात लावू नका." ती ओरडत होती, मुलगा ओरडत होता, मला तर वाटलं मी स्वप्नात ऐकतेय. बिचाऱ्यानं दांडा ओढला आणि तिथून पळाला, भांडणातून माणूस पळतो तसा.

खट्ट. पंखा. दार. चप्पल. इथवर तुम्हाला सांगितलंय.

मी दारात उभी आणि समोर बोळ, काळा. आमच्या बोळाला खिडकी नाही, भर दुपारी तिथं विहिरीच्या तळासारखं असतं. आणि भिंतीवर हात घासल्याचा आवाज आला. सावकाश. मग श्वास, नाकातून, तुटक. मेलेल्या माणसाचा श्वास, तुम्हाला सांगते, वास विसरतो माणूस, श्वास विसरत नाही. मला वाटलं, आले हे. इतकी वर्षं कुठं होतात, म्हणून विचारणार होते मी. काट्याच्या तेलाचा वाससुद्धा आला मला, कोळशाचा असेल, पण आला. तेवढ्यात पलीकडून सूनबाईचा आवाज, "अरे, थांब, काही नाही झालेलं, वायरमननं..." आणि तिनं मोबाइलचा दिवा लावला. उजेड खालून त्याच्या तोंडावर पडला. ते तोंड मी आधी बघितलं होतं. आणि हात आला.

कानावर. पहिला नेहमी कानावरच. मोबाइल उडाला, फरशीवर भिंगरीसारखा फिरत राहिला, दिव्याची पात छतावर, भिंतीवर, छतावर. त्या उजेडात मला सगळं तुकड्यातुकड्यानं दिसलं. दुसरा हात तिच्या गालावर. तिचं डोकं भिंतीला लागल्याचा आवाज, ओल्या विटेसारखा. मग तिनं त्याला धरला. न उठणाऱ्या माणसांना उठवणारी बाई ती, तिनं काखेत हात घालून उचललाच त्याला आणि असा आदळला की भिंतीवरचा ह्यांचा फोटो खाली आला आणि काच फुटली. दोघं काचेवर. तो तिचे केस शोधत होता, मुठीला गुंडाळायला. तिनं त्याच्या मनगटात दात रुतवले. "सोड! सोड, मेल्या!" तो काही बोलत नव्हता. हेपण बोलायचे नाहीत.

आणि मी? मी दार सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा सोडलं. मला उजेडात चष्मा सापडत नाही, ताटातला घास तोंडाला सापडत नाही, पण त्या काळोखात माझा हात सरळ वर गेला आणि दांड्यावर पडला, चुकला नाही. गार लोखंड. मनात एकच, दांडा वर. उजेड झाला की थांबतं. मी जोर लावायला अंग मागं घेतलं. बाहेर पोर्चमध्ये वायरमन उकिडवा बसलेला, ओठात स्क्रू, आणि त्याच्या दोन्ही हातांत सोललेल्या, उघड्या तारा. मला कुठं आठवतंय तेव्हा वायरमन म्हणून कुणी जगात आहे.

छतावरची दिव्याची पात फिरत आली आणि माझ्या हातावर पडली. मुलानं बघितलं. त्यानं बायकोला सोडलं आणि माझ्यावर झेप घेतली. "आई, नको ना! मेन नको!" पिकल्या केसांच्या माणसाचा आवाज नव्हता तो. खाटेखालचा आवाज होता. मनगट धरलं, पिळलं, खाली ओढलं. कट्. वाळकी काटकी मोडावी तसं, आणि मला वाटलं, वा, अजून मोडण्यासारखं शिल्लक होतं म्हणायचं. मग दुखणं आलं, आणि मी अशी किंचाळले की गल्लीच्या टोकाला एकाच्या हातातला फुगा फुटला. फुटला, मला नंतर सांगितलं लोकांनी.

वायरमन धावत आला. बघतो तर माझा हात दांड्याच्या खाली लोंबतोय, दांडा जागच्या जागी. तो हळूच फरशीवर बसला. चेहरा चुन्यासारखा. "मी फ्यूज काढून खिशात ठेवतो नेहमी," तो म्हणाला. "आज... आज तुमचं चाललं होतं म्हणून... विसरलो." त्याच्या ओठात स्क्रू तसाच होता. मग म्हणाला, "आजी, दांडा वर गेला असता ना..." आणि स्वतःच्या दोन्ही हातांकडं बघत बसला, हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे. लोक आता म्हणतात, मुलानं वायरमनचा जीव वाचवला. वाचवलाच. मी नाही कुठं म्हणतेय.

वायरमननं बाहेर जाऊन तारा झाकल्या, आत येऊन स्वतःच दांडा वर केला. उजेड झाला. पंखा माझ्या रिकाम्या खोलीत कुरकुरायला लागला. सूनबाई भिंतीला धरून उभी राहिली, कानातून रक्ताची बारीक रेघ, केसांत काच. मुलासमोर गेली.

"आता उजेड आहे. मार."

तो आपल्या तळहाताकडं बघत होता.

"मार ना रे. अंधारात मारलंस, आता दिसतंय तर मार. आई आहेत, परका माणूस आहे. बघू दे सगळ्यांना."

तो खाली बसला. काचेवरच बसला, भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी. मला ती पाठ माहीत होती. मी त्या पाठीवरून हात फिरवला असता, पण हात मोडला होता, आणि दुसरा उठेना.

सूनबाईनं माझ्या मनगटाला लाकडी पट्टी लावली, कापडानं बांधलं, स्वतःच्या कानाला कापसाचा बोळा लावला, सगळं तिच्या कामातल्यासारखं, घाई नाही. बांधता बांधता म्हणाली, "आई, तुम्हाला त्या अंधारात मेन कसा सापडला?" तेव्हा मी तिला ह्यांची गोष्ट सांगितली. चष्मा, बोळ, लाज, खट्ट. म्हटलं, ते बंद करायचे, मग मला चालू करायची सवय. तिनं गाठ मारली. "दुखतंय?" "नाही," म्हटलं, "नाच करू का?"

आता गंमत बघा. तिला जायचं होतं, आणि गाडीत चार्जच नव्हता. म्हणजे ज्या घरातून पळायचं, त्याच घरातून वीज घ्यायची. वायरमन म्हणाला, अर्धवट तारा सोडून मी जाणार नाही, आणि या वेळी फ्यूज खिशात ठेवून जोडणी पुरी केली, मग तो परत बसवला. खोक्यावर हिरवा दिवा लागला. खोक्याची चार्जिंगची नळी गाडीत खुपसली. आणि आम्ही दोघी पोर्चच्या पायरीवर बसलो, एकीचा कान फुटलेला, एकीचं मनगट, सलाइन लावलेल्या पेशंटशेजारी बसावं तशा, आणि पाठीमागं घराचं उघडं दार. दारातून कधी काय येईल. माझी मान वळत नव्हती पण पाठ बघत होती. गाडी मुकी, खोका मुका. वायरमन हत्यारं गोळा करायला बसला तो उठेचना. एकच पाना पिशवीत घालायचा, काढायचा. जाणार नव्हता तो आम्हाला सोडून, मला कळलं. "किती झाली गं?" मी विचारायची. "थोडी." "म्हशीची धार निघते याच्यापेक्षा लवकर."

पावलं आली. सूनबाईनं वायरमनच्या पिशवीतला हातोडा उचलून मांडीवर घेतला. मुलगा दारात उभा राहिला. पँटला काचा चिकटलेल्या, मनगटावर दातांची कमान. हिरव्या दिव्याकडं बघत राहिला.

"पुरेल एवढी झाली का?" म्हणाला.

"कुठवर पुरायला पाहिजे?"

तो नळी काढायला वाकला.

"हात लावू नकोस."

तिनं स्वतः काढली. हातोडा वायरमनला परत दिला. मला पुढच्या सीटवर बसवलं, माझा पट्टा बांधला. आवाज न करता गाडी निघाली. आरशात तो दिसत होता, रिकामी नळी हातात, गुंडाळायची कशी ते न कळल्यासारखा.

आता आम्ही दोघी दोन खोल्यांत राहतो. गाडी ती पुन्हा बाजारामागं रांगेत लावते. कधी परत आली ते मला कळत नाही, आणि कुणी विचारतही नाही. मुलाचा फोन येतो. "आई, पॉइंट चालू आहे. वायरमन येऊन बघून गेला. चार्जिंगला तरी या." मी म्हणते, विचारते तिला. विचारत नाही. त्यानं तो जुना मेन काढून भंगारात दिला म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारे, ते घड्याळ खोटं, कुत्रं खोटं, फुगा खोटा. सगळं खरं आहे, मांजरासकट. एकच गोष्ट मी वरून घातली. एकच. लाज. ह्यांना लाजबिज काही नव्हती. भर दिव्याखाली, चष्मा पुसून झाला की तिथंच सुरू करायचे, चेहऱ्यावर काटा तपासतानाचं तेच शांत हसू. ते हसू पोराला दिसत होतं. म्हणून मी धावत बोळात जायची आणि दांडा मी ओढायची, आणि येऊन दारात उभी राहायची. पोराला दिसू नये म्हणून. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. आणि मलापण ते हसू बघायचं नव्हतं. तो खाटेखालून मला म्हणायचा, नको ना, मेन नको.

सूनबाईला हे अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळ झाली की ती दिवे लावते, सगळे. इथला मेन कुठं आहे, ते मी तिला विचारलेलं नाही.